हिरडीचं ठिगळ

गेल्या काही महिन्यांत आमच्या सोसायटीतल्या दोघांनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात एकच गोष्ट विचारली. हिरडीचं ऑपरेशन फार दुखतं का? विचारताना दोघांनीही तोंडावर हात धरला होता. मीही असाच हात धरून काही वर्षं काढली, म्हणून जिन्यात जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. औषधांची नावं तेव्हाही मला नीट कळली नव्हती. पण दुखतं का, याचं उत्तर देता येईल. दुखतं, पण सोसतं. मला जे सोसलं नाही ते वेगळं होतं आणि ते मी स्वतःच ओढवून घेतलं होतं.

सुरुवात गार पाण्याने झाली. आम्ही नुकतेच वाशीला राहायला आलो होतो. माठातलं पाणी तोंडात घेतलं की खालच्या पुढच्या दातांतून कळ निघायची, ती थेट कानापर्यंत. मी पाणी कोमट करून पिऊ लागलो आणि कोणाला काही बोललो नाही. एक दिवस जेवताना बायको, शालिनी, माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अहो, तुमचे दात वाढायला लागलेत का?" मुलगी हसली, मीही हसलो. मग आरशासमोर जाऊन ओठ खाली ओढून पाहिलं, तर खरंच दात लांब झालेले. मुळाकडचा पिवळा भाग उघडा पडला होता आणि एक दात जिभेने ढकलला की हलत होता.

तरीही मी कित्येक महिने गेलो नाही. दातांच्या डॉक्टरकडे आपल्याकडे माणूस जातो तो दात उपटायलाच, आणि मला ते नको होतं.

शेवटी वाशीतल्या दवाखान्यातून मला मुंबईच्या दातांच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. खाडीच्या पुलावरून बसने जायचं, पुढे बस बदलायची, मग लाकडी बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं. शालिनी बरोबर होती. बाकावर आमच्या दोन्ही बाजूंना रुमाल तोंडाला लावलेली माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी हातात आरसा दिला आणि सांगितलं, दात वाढलेले नाहीत, हिरडी खाली गेली आहे. मग विचारलं, दात कसे घासता? मी जरा अभिमानानेच सांगितलं. लहानपणापासून राखुंडी, बोटाने दाबून. शहरात आल्यावर ब्रश, पण कडक केसांचा, दोन्ही वेळा, हात भरून येईपर्यंत. माझ्या वडिलांची शिकवणच तशी होती. बाईंनी टेबलावर घासून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, तवा असा घासतात. दात नाही."

शालिनीने मान खाली घातली. ती हसत होती की तिला लाज वाटत होती, ते मी तेव्हा पाहिलं नाही. मला मात्र खोल कुठेतरी लागलं. निष्काळजी माणसाला आजार होतो, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. दोन्ही पोरांना रोज सकाळी बेसिनपाशी उभं करून, 'अजून घास, जोरात घास' म्हणणारा मीच. बसमध्ये परत येताना मी मुलांचे दात आठवत होतो.

ऑपरेशन काय आहे ते बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. टाळूवरची कातडीची पट्टी काढायची आणि जिथे हिरडी गेली तिथे ठिगळासारखी शिवायची. ती तिथे जिवंत राहिली तर मुळं झाकतील आणि दात टिकतील. नाही राहिली तर पुढचे दात जातील, मग कवळी. परदेशात म्हणे जबड्याच्या हाडात धातूचा खिळा रोवून त्यावर दात बसवतात. पण ते आपल्यासाठी अजून लांबचं आहे, असं त्या म्हणाल्या. आपल्याकडे आहे ते वाचवायचं. हलणारा दात पाहून त्या म्हणाल्या, उशीर करू नका.

हे सगळं नेमकं त्याच वेळी आलं जेव्हा आमच्या नंदाचं लग्न जमत होतं.

नंदा आमची थोरली. एका ऑफिसात टायपिस्ट होती. स्थळ माझ्या वहिनींनी आणलं होतं. सावंत मूळचे कोकणातले, बेलापूरला सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, मुलगा प्रकाश ओव्हरसियर. आम्ही साताऱ्याकडचे साळुंखे. बघणं झालं, पसंती झाली. मुलगा आणि मुलगी दोनदा बाहेर चहालाही जाऊन आले, आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. आता फक्त सुपारी फोडायची होती. सावंतांचे थोरले भाऊ गावाहून येणार होते म्हणून त्यांनी दिवस ठरवला, आणि तो माझ्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यात आला.

मी सावंतांना सरळ सांगायला हवं होतं. पण वहिनी म्हणाल्या होत्या की मंडळी चौकस आहेत, घराण्यात काही दुखणं आहे का ते विचारून घेतात. हिरड्यांचं काही म्हटलं की लोक म्हणतात पायरिया, आणि पायरिया म्हटलं की लोक घरभर सगळ्यांच्या तोंडात बघतात. वहिनी हे सहज बोलल्या, मी ते मनाला लावून घेतलं. घरी सगळ्यांना बसवून सांगितलं की कोणी विचारलं तर म्हणायचं, दाढ काढली.

नंदाने विचारलं, "दाढ काढली तर चालतं आणि हिरडी शिवली तर चालत नाही?"

मी म्हणालो, तुला नाही कळायचं. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मी होकार समजलो.

आता ऑपरेशनबद्दल. सगळ्यात वाईट काय तर टाळूतली सुई. ती टोचताना डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. नंतर फक्त ओढाताण जाणवते आणि कात्रीचा आवाज ऐकू येतो. तो आवाज आपल्याच डोक्याच्या आत होतो, तेवढं विचित्र वाटतं. मी छतावरच्या पंख्याकडे बघत राहिलो. डॉक्टरीणबाई मदतनीस बाईंशी कोणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होत्या आणि त्या बोलण्याने मला फार धीर आला. बारशाचं बोलताहेत म्हणजे माझं सगळं ठीक चाललं असणार.

शिवण झाल्यावर त्यावर गुलाबी लेप थापला, तो सिमेंटसारखा घट्ट झाला. सूचना दिल्या. तिथे ब्रश नाही. ओठ ओढून बघायचं नाही. कडक काही खायचं नाही, पुढच्या दातांनी तर काहीच चावायचं नाही. "ठिगळ हललं की मेलं," असं बाई म्हणाल्या. शालिनी बाहेर थर्मासमध्ये गार दूध घेऊन उभी होती. मी पिऊ शकत नव्हतो, तरी तिने ते बसमध्येही उघडून पुन्हा विचारलं.

घरी आल्यावरचे दिवस नुसते थकलेले होते. जखम एका ठिकाणी नसते, दोन ठिकाणी असते, हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. जीभ खाली ठेवली तर खालची दुखते, वर नेली तर टाळू. तांदळाची पेज, मऊ भात, केळं कुस्करून. गाल सुजलेला. समोर नव्या बिल्डिंगचं काम चाललेलं, दिवसभर ठोकाठोक. धूळ यायची म्हणून खिडकी लावायची आणि उकडलं की उघडायची, एवढंच काम मला होतं. बोलायचं नसल्यामुळे घरातले माझ्याशी मोठ्याने बोलायचे, जणू मी बहिरा झालो होतो.

स्टोअरमधला माझा सहकारी बळीराम पाटील बोनकोड्याहून भेटायला आला. दारातूनच माझा गाल बघून म्हणाला, "सायेब, तुमी पन तंबाखू धरली काय? बार भरलाय नुसता." मला हसवेना, हसलो की शिवण ताणायची. तो शालिनीला म्हणाला, "वयनी, यांना आता बोलू देऊ नका. कारखान्यात बी आमाला जरा सुख हाय." त्या आठवड्यात घरात कोणी मोकळं हसलं ते तेवढंच.

सुपारीच्या दिवशी सावंतांकडची मंडळी आमच्याकडे आली. सूज उतरली होती. मी ठरवलं होतं, कमी बोलायचं, चहा बशीत ओतून घ्यायचा, बाकी माझा भाऊ बघेल. सावंतांनी मला विचारलंही, तब्येत बरी नाही का? मी म्हणालो, दाढ. ते म्हणाले, दाढेसारखं दुखणं नाही. तिथे संपलं असतं.

मग पाटावर सुपारी ठेवून बत्त्याने फोडली. आमच्या गावाकडची रीत अशी की फोडलेल्या सुपारीचं खांड दोन्हीकडच्या बापांनी सगळ्यांसमोर चावून खायचं. शब्द दिला म्हणजे दिला. माझ्या बहिणीच्या वेळी वडिलांनी खाल्लेलं मी पाहिलं होतं. सावंतांच्या पत्नीने माझ्या तळहातावर खांड ठेवलं. चांगलं मोठं होतं. सगळे माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं. शालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. ते मी पाहिलं आणि तरी खांड तोंडात टाकलं.

आधी गालात धरून भिजवायचा विचार होता. पण समोर सावंतांनीही तोंडात टाकून चावायला सुरुवात केली. मग मीही चावलं. दाढेखाली ते सटकलं आणि पुढे आलं. लेप तडकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी हसून हात जोडले आणि सुपारी गिळली. मंडळी जाईपर्यंत तोंडात खारट चव भरत राहिली आणि मी तीही गिळत राहिलो.

ते खाली उतरल्यावर मी बेसिनवर वाकलो. शालिनी मागे येऊन उभी राहिली. तिने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रुग्णालय. बाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, भात. त्यांनी चिमट्याने लेपाच्या फटीतून एक तांबूस कपचा काढला, पांढऱ्या कापसावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"हा कुठला भात?"

 शालिनीने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी आत बघितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. ठिगळ सुटलं होतं आणि करडं पडलं होतं. जखम भरली की पुन्हा करता येईल, टाळूच्या दुसऱ्या बाजूने, असं त्या म्हणाल्या. "पण टाळूला दोनच बाजू असतात, काका. तिसरी मी कुठून आणू?"

परत येताना पुलावर बस बराच वेळ अडकली होती. शालिनी म्हणाली, मी मान हलवली होती. मी म्हणालो, पाहिलं होतं. 

घरी नंदा वाट बघत होती. मी सांगितलं, आणि सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं की तुझ्या लग्नासाठी केलं, नाहीतर मी कशाला खाल्ली असती. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, ती जवळ येऊन बसेल. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

ती उभीच राहिली. म्हणाली, "बाबा, हे माझ्या नावावर घालू नका. मी तुम्हाला सुपारी खायला सांगितली नव्हती. मी फक्त खोटं बोलले, आणि ते तुम्ही सांगितलंत म्हणून. त्यांनी मला विचारलं, बाबांना काय झालंय, मी म्हटलं दाढ. आता पुन्हा ऑपरेशन, मग पुन्हा कुठली दाढ सांगू? तिकडे गेल्यावर आयुष्यभर दाढा मोजत बसू?"

शालिनी तिला गप्प बस म्हणाली. मी म्हणालो, बोलू दे. पण नंदाचं बोलून झालं होतं. ती आत गेली आणि चटणी वाटल्याचा आवाज येऊ लागला. त्या घरात चटणी खाणारे आता तिघेच होते, पण ती बराच वेळ वाटत होती.

आजारपणात माणूस सगळ्यांवर आपला हक्क समजतो. आपण सोसतो आहोत म्हणजे इतर आपलं देणं लागतात, असं काहीतरी आत तयार होतं. माझं तसं झालं होतं. हिरडी माझी, भीती माझी, खोटं माझं आणि त्याचं ओझं मात्र मी ज्या मुलीच्या सुखाचं नाव घेत होतो तिच्याच डोक्यावर देत होतो. हे मला लगेच कळलं असं नाही. पेज पीत, भिंतीकडे बघत बरेच दिवस पडून होतो तेव्हा हळूहळू कळलं.

एका रविवारी मी शालिनीला म्हणालो, बेलापूरला जाऊन येऊ. तिने विचारलं, आणि मोडलं तर? मी म्हणालो, मोडलं तर माझ्यामुळे मोडलं असं सगळ्यांना सांगेन. ती म्हणाली, तुम्ही सांगाल हो, पण ऐकावं नंदाला लागेल. तरी ती साडी बदलायला उठली.

आम्ही न कळवता आलेलो पाहून सावंतांनी आधी घाबरूनच विचारलं, सगळं ठीक ना? मी चहा यायच्या आतच सांगून टाकलं. हिरडीचा आजार आहे. दाढेचं खोटं होतं. नंदालाही मीच बोलायला लावलं. ऑपरेशन झालं होतं, सुपारीने बिघडलं, पुन्हा करायचं आहे. हे सगळं मी त्यांच्या चपलांकडे बघत बोललो.

 सावंतांच्या पत्नीने विचारलं, "पण मग तुम्ही ती सुपारी खाल्लीत कशाला?"

मी म्हणालो, रीत आहे म्हणून.

"आमच्यात खात नाहीत ती," त्या म्हणाल्या. "मी हातात ठेवली ती खिशात ठेवायला. घरी नेऊन देवापुढे ठेवतात. तुम्ही एकदम तोंडात टाकलीत, तर ह्यांना वाटलं तुमच्यात असंच असेल, मान राखायला हवा, म्हणून ह्यांनीही खाल्ली. रात्रभर ठसका लागला होता ह्यांना."

शालिनीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती आणि रडतही होती. मला हसायला यायला हवं होतं, पण मी इतका थकलो होतो की नुसता बसून राहिलो. तो तुकडा खिशात ठेवायचा होता, एवढंच.

सावंत मात्र हसले नाहीत. चहा झाल्यावर ते म्हणाले, "साळुंखे, आजार लपवलात त्याचं मला काही वाटत नाही. माणूस घाबरतो. पण पोरीला आमच्याशी खोटं बोलायला लावलंत, ते बरं केलं नाहीत. ती आमच्या घरात येणार आहे."

मी म्हणालो, बरोबर आहे.  थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, दुसरं ऑपरेशन कधी आहे, आणि लग्नाची तारीख पुढे ढकलायची का. 'येणार आहे' हा त्यांचा शब्द मी परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा आठवत होतो. घरी नंदाला सगळं सांगितलं तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, चहा तरी कोमट करून प्यालात ना?

दुसऱ्या खेपेला सुई तितकीच दुखली. भीती जास्त होती, कारण आता काय काय होणार ते माहीत होतं. पण या वेळी विचारणाऱ्याला खरं सांगता येत होतं, आणि त्याने पडून राहणं सोपं जातं. प्रकाश एकदा येऊन गेला, मला बोलू न देता स्वतःच बोलत बसला. टाके काढायच्या दिवशी बाईंनी लेप उचलला आणि आत वाकून पाहिलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग त्यांनी आरसा दिला. ठिगळ होतं तिथे होतं, आजूबाजूच्या हिरडीपेक्षा फिकट, पण गुलाबी. जिवंत. "धरलंय," त्या म्हणाल्या. तो हलणारा दात मात्र पुढे वर्षभराने काढावाच लागला. बाकीचे आहेत. सगळं वाचत नाही, हेही लिहायला हवं.

ज्यांनी मला जिन्यात विचारलं त्यांना माझं सांगणं एवढंच. मऊ ब्रश घ्या, आणि घरातल्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय झालंय ते नावानिशी सांगा. लपवलेल्या आजाराची शुश्रूषा कोणाला धड करता येत नाही.

लग्नात तोंड अजून पूर्ण बरं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत आग्रह करणं आपल्याकडे प्रेमाचं लक्षण, आणि मुलीच्या बापाने कोणाला नाही म्हणायचं? मी पानावर बसलो तो धास्तावूनच. सावंतांचे थोरले भाऊ जिलबीचं ताट घेऊन माझ्याकडे येत होते. तेवढ्यात सावंत स्वतः येऊन माझ्या पानामागे उभे राहिले आणि भावाला म्हणाले, "दादा, यांना आग्रह नाही. पुढे चला." नंतर जो कोणी वाढायला आला त्याला ते तेच सांगत राहिले, पंगत उठेपर्यंत.

नंदा आणि प्रकाश तूप वाढत फिरत होते. माझ्या पानापाशी नंदा वाकली. शालिनीने माझ्यासाठी वेगळा करून ठेवलेला मऊ भात होता, त्यावर तिने तूप सोडलं, जरा जास्तच. हिरवा चुडा माझ्या हाताला लागला. ती हळूच म्हणाली, "चावू नका बाबा. नुसतं गिळा."

मी तिच्याकडे बघितलं आणि घास घेतला. ती पुढच्या पानाकडे गेली नाही, माझा घास उतरेपर्यंत तशीच वाकून थांबली.